रडकीचा वारा

"खरा सांग रे झिला, ता वादाळ खंय चललाहा?"

भाऊच्या धक्क्यावर वळकटीवर बसून आईनं मला हे तिसऱ्यांदा विचारलं. सकाळचे साडेसात वाजले होते. समोर कोकणात जाणारी आगबोट लागली होती आणि दहाला सुटायची होती. चारेकशे माणसं, ट्रंका, टोपल्या, रडणारी पोरं असा सगळा गोंधळ चालला होता.

"वर, आई. सौराष्ट्राकडे. किती वेळा सांगू?"

"आणि वाटेत त्याचा मन फिरला तर?"

"वादळाला मन नसतं. आणि त्याचा नकाशा मी काढतो. मी सांगतोय ना, तू खुशाल जा!"

"नकाशो तू काढ बाबा. दर्यो काय तुझ्या नकाशाक इचारून चलता?"

शेजारच्या दोन बायका फिसकन हसल्या. मी कानापर्यंत लाल झालो. साठ-बासष्ट सालची ही गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, एम.एस्सी. पहिल्या वर्गात, हवामान कचेरीत चिकटून दहा महिने झालेले. शिंगं फुटली होती म्हणा ना! माझी बहीण कुंदा देवगडला होती, पहिलटकरीण, दिवस भरलेले. आईला तिकडे पोचायचं होतं. एस.टी.च्या घाटांत आईला उलट्या होतात, म्हणून बोट. तिनं दोन दिवस आधीच म्हटलं होतं, "पेपरात वादाळाचा लिवलाहा, जरा थांबान जाऊया." मीच ऐकलं नाही. मीच तिकीट काढलं, मीच तिला धक्क्यावर आणून बसवलं, आणि वर हे असं छातीठोक सांगून ट्राम पकडून कचेरीत गेलो.

आता वादळ म्हणजे तुम्हाला टीव्हीवरचा तो पांढरा भोवरा आठवेल. आमच्या नशिबी तो नव्हता. आमच्याकडे होते नुसते आकडे. समुद्रावरच्या जहाजांवरचे अधिकारी ठरलेल्या वेळी वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, हवेचा दाब बघायचे, ते पाच-पाच आकड्यांच्या गटांत बसवायचे आणि बिनतारी यंत्रावरून धाडायचे. आमच्या टेलिप्रिंटरवर त्यांच्या चिठ्ठ्या पडायच्या. त्या आम्ही भल्यामोठ्या नकाशावर उतरवायच्या, सारख्या दाबाची ठिकाणं रेषांनी जोडायची, आणि त्या रेषांच्या मधोमध वादळ आहे असं मानायचं. मानायचं हं! बघितलेलं कुणीच नसायचं.

त्यात आणखी एक गंमत होती. आम्ही इशारा दिला की जहाजं पळायची. शहाणी माणसं, पळणारच. पण ती पळाली की वादळाजवळून खबर देणारं कुणी उरायचं नाही. इशारा जितका चांगला, तितके आम्ही आंधळे. या वादळाचंही तेच झालं होतं. आदल्या संध्याकाळी ते रत्नागिरीच्या नैर्ऋत्येला तीनेकशे मैलांवर होतं, हे नक्की. तिथून ते वर, गुजरातच्या अंगाला सरकतंय, असा आमच्या नाडगौडासाहेबांचा अंदाज होता. साहेब म्हणजे त्या पाळीचे मुख्य अधिकारी. आदल्या दुपारपासून ते घरी गेले नव्हते. रात्रभर त्या भागातून दोन जहाजांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, त्याही लांबून.

आणि आमच्या खोलीत तळपदेबाई होत्या.

हेमप्रभा तळपदे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती पातळ, अंबाड्यात एक काळी आणि एक लाल पेन्सिल खोचलेली. मॅट्रिक. लढाईच्या दिवसांत माणसं मिळत नव्हती म्हणून त्यांना नकाशे भरायला घेतलं होतं. मी रुजू झालो त्या दिवशी मनात म्हटलं, ही बाई मला काय शिकवणार? आठ दिवसांत माझी जिरली. बाईंना जहाजं ओळखू यायची, आपण शेजारपाजारची माणसं ओळखतो तशी. आकड्यांवरून! वीस वर्षं रोज त्यांच्या चिठ्ठ्या उतरवून बाईंना कळलं होतं की कुठल्या जहाजाचा बॅरोमीटर किती चुकतो, कुठला अधिकारी जेवणानंतर बाहेर न बघताच जुने आकडे पुन्हा पाठवतो, कोण वाऱ्याचा जोर फुगवून सांगतो. सगळ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. एक डच जहाज होतं, त्याचे आकडे कधी चुकायचे नाहीत. ते 'मामलेदार'. एक तेलवाहू जहाज कायम उशिरा चिठ्ठी पाठवायचं. ते 'जावईबुवा'. आणि एक ग्रीक मालवाहू बोट होती, तिचा बॅरोमीटर नेहमी खऱ्यापेक्षा चार मिलिबार कमी दाखवायचा. स्वच्छ ऊन पडलेलं असलं तरी हिच्याकडे आपलं दाब पडला, दाब पडला! ती 'रडकी'.

हे सगळं बाईंनी एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं. डाव्या बाजूला जहाज, उजवीकडे त्याची खोड आणि किती आकडा मिळवायचा किंवा वजा करायचा ते. आम्ही सगळे त्या वहीवर चालायचो. गंमत म्हणजे बाईंनी जन्मात बोटीवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्यांना रेवसच्या लाँचीतसुद्धा मळमळायचं.

ती वही आता छापून सगळ्या कचेऱ्यांना वाटावी की काय, हे बघायला पुढच्या आठवड्यात वरून तीन जणांची समिती येणार होती. एका मॅट्रिक बाईची वही! आमच्याकडे काही जणांच्या पोटात दुखत होतं. बाई मात्र त्या आठवड्यात जरा नीटनेटकी पातळं नेसून यायच्या, एवढंच.

तर त्या सकाळी साडेआठची निरीक्षणं येऊ लागली. एक-एक चिठ्ठी फाडून मी नकाशावर चढवत होतो. किनाऱ्यावरची ठिकाणं झाली, लांबची जहाजं झाली. मधला समुद्र कोरा. आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी एक चिठ्ठी पडली ती नेमकी त्या कोऱ्या जागेतली. देवगडच्या समोर शंभरेक मैलांवरची.

"बाई, रडकी आली!" मी ओरडलो. "नऊशे सत्त्याण्णव म्हणतेय."

बाई समोरच्या टेबलावर दुसरा नकाशा तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रडकीला चार घाल. एक हजार एक."

मी एक हजार एक लिहिलं. छान बसलं. साहेबांनी म्हटलं होतं तसंच वादळ लांब पश्चिमेला आणि इथे दाब फारसा पडलेला नाही. मग वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा काढायला गेलो आणि अडखळलो. चिठ्ठीत दिशेचा आकडा होता शून्य पाच. म्हणजे ईशान्येचा वारा. वादळ पश्चिमेला असेल तर तिथे वारा हवा आग्नेयेच्या बाजूचा, म्हणजे आकडा हवा एक पाच. ईशान्येचा वारा खरा धरला तर वादळ रडकीच्या पश्चिमेला नाही, खाली दक्षिणेला आहे. म्हणजे ते वर गेलंच नाही. रातोरात वळलं आणि आमच्या कोकणावर निघालं.

मी घड्याळाकडे बघितलं. आई आता वळकटी उचलून फळीवरून चढत असेल.

आणि मी काय केलं सांगू? मी स्वतःला समजावलं. टेलिप्रिंटरवर एकाचं शून्य होणं काय नवीन आहे? रोज चार होतात. बोट रडकी, तिचं काय खरं धरायचं! मी शून्याचा एक केला. आग्नेयेचा काटा काढला, त्याला जोर दाखवणारी झक्क पिसं लावली आणि नकाशा बाईंपुढे सरकवला. आकडा खोटा असेल म्हणून मी तो बदलला असं मी तेव्हा कुणालाही सांगितलं असतं. खरं कारण एवढंच की तो आकडा मला नको होता. आईला मी शब्द दिला होता.

बाईंनी नकाशावरून नजर फिरवली. दाब रेषांत बसत होते. त्यांनी कोपऱ्यात 'हे. त.' अशी तपासल्याची सही केली आणि नकाशा साहेबांकडे गेला.

"म्हणजे कालचंच कायम," साहेब खुर्चीत मागे टेकून म्हणाले. "सुटलो बुवा! चहा सांगा रे कुणीतरी."

चहा आला. बाई डाव्या हातात बशी धरून उजव्या हातानं चिठ्ठ्या तारेत ओवायला लागल्या. उतरवून झालेल्या चिठ्ठ्या तारेला लावायच्या, ही त्यांची रोजची पद्धत होती. ओवताना प्रत्येक चिठ्ठी त्या एकदा वाचायच्या. रडकीची चिठ्ठी हातात आली आणि बशी खाली ठेवली गेली.

"मोंडकर, रडकीचा वारा कुठला काढलास?"

"आग्नेय. पंधरा."

"इथे शून्य पाच आहे."

"छापताना चुकलंय, बाई. शून्य पाच तिथे बसतच नाही."

"कशात बसत नाही?"

बाई माझ्याकडे दोन क्षण बघत राहिल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. उठल्या, भिंतीवरच्या समुद्राच्या मोठ्या नकाशापुढे गेल्या, रडकीच्या जागेवर बोट ठेवलं. मग जणू त्याच जागी उभ्या असल्यासारख्या ईशान्येच्या वाऱ्याकडे पाठ करून वळल्या आणि डावा हात बाजूला पसरला. वाऱ्याकडे पाठ केली की वादळ डाव्या हाताला, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. बाईंचा हात खाली दक्षिणेकडे गेला होता.

"आणि जोर नऊ लिहिलाय तिनं," बाई पुटपुटल्या. "एक हजार एकला नऊचा, एवढा तुफानी जोर? छे, छे. काहीतरी मोठं चुकलंय."

"रडकीचं काय खरं धरायचं, बाई?"

"रडकी दाबात रडते, रे. वाऱ्यात ती कधी खोटं बोललेली नाही." एवढं म्हणून त्यांनी मागचे नकाशे ओढले. सोमवार. मंगळवार. बुधवार. गुरुवार. "हे बघ. मंगळवारी तिची चिठ्ठी नाही. बुधवारीही नाही. चिठ्ठी नाही म्हणजे ती बंदरात. कुठल्या बंदरात? सोमवारी इथे होती, गुरुवारी इथे. म्हणजे मुंबईत! अगंबाई गं…"

बाईंचा चेहरा असा उतरलेला मी कधी बघितला नव्हता.

"काय झालं?"

"मुंबईत जहाज आलं की आपला गोन्साल्विस बॅरोमीटर तपासायला वर चढतो. त्यानं तो नीट करून दिला असणार. चार कमी दाखवत होता ते आता दाखवत नाही. नऊशे सत्त्याण्णव म्हणतेय ते खरंच नऊशे सत्त्याण्णव आहे. ती बिचारी खरं सांगतेय आणि मी तिला वीस वर्षांच्या सवयीनं चार घालून गप्प केलं!"

त्यांनी फोन उचलला. बंदरातल्या आमच्या शाखेत घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. सकाळच्या वेळी गोन्साल्विस कुठल्या तरी जहाजावर असणार, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. घड्याळात नऊ त्रेचाळीस.

"अकरा-तीसला रडकीची पुढची चिठ्ठी येईल," मी म्हणालो. "तेव्हा कळेलच की."

"दहाला बोट सुटते, मोंडकर," बाई म्हणाल्या. आई त्या बोटीवर आहे हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. "चारशे माणसं असतात. संध्याकाळी रत्नागिरीच्या पुढे असतील."

नकाशा, चिठ्ठी आणि कचेरीची रोजची नोंदवही काखेत मारून त्या साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो.

"साहेब, वादळ वळलंय. कोकणावर येतंय. बोट थांबवा."

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. "अहो, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच हा नकाशा सही करून पाठवलात ना?"

"पाठवला. तो चुकलाय."

"कशावरून?"

बाईंनी सांगितलं. चार कसे घातले, का घालायला नको होते, वारा कुठला. सगळं मिळून मिनिटभर. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"गोन्साल्विसनं बॅरोमीटर नीट केल्याचा कागद आहे का आपल्याकडे?"

"नाही."

"त्याच्याशी बोललात?"

"फोन उचलत नाहीये."

"म्हणजे हा तुमचा अंदाज. बाई, मे महिन्यात मी दोन दिवस बोटी अडकवल्या होत्या. आठवतंय? काय झालं? लख्ख ऊन पडलं! पेपरवाल्यांनी माझ्या डोक्यावर मिरे वाटले. रात्री मी गुजरातच्या सगळ्या बंदरांना धोक्याचे बावटे लावायला सांगितलेत. आता सांगू की नाही हो, चुकलं, कोकणात लावा? एका जहाजाच्या वाऱ्यावरून? आणि तोही इथे," त्यांनी नकाशावर बोट आपटलं, "इथे तर आग्नेय दिसतोय!"

बोटाखालचा तो काटा माझाच होता. आता बाई म्हणणार, हा मोंडकरचा प्रताप. म्हणायलाच हव्या होत्या. मी वाट बघत होतो त्याची.

"नकाशा चुकलाय, साहेब. चिठ्ठी बघा. शून्य पाच आहे. नकाशावर सही माझी आहे."

"पण असं कसं…"

"चौकशी मागाहून करा. हवी तेवढी करा. मी कुठे पळून जात नाही." बाईंनी नोंदवही साहेबांच्या टेबलावर उघडली, अंबाड्यातली काळी पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि साहेबांचं पेन मागून घेतलं. उभ्या उभ्या लिहिलं. मी मागून वाचत होतो. 'नऊ एक्कावन्न. साडेआठच्या नकाशात एका जहाजाचा दाब चार मिलिबारनं चुकीचा वाढवला आणि वारा चुकीचा उतरवला. नकाशा मी तपासला होता. चूक माझी. हे. तळपदे.'

साहेबांनी ते वाचलं. मग बाईंकडे बघितलं.

"पुढच्या आठवड्यात समिती येतेय," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिल्यांदा ही नोंदवही मागतील. तुमच्या वहीच्या भरवशावर नकाशा चुकला, हे तुमच्याच अक्षरात वाचतील. उद्या गोन्साल्विस म्हणाला की मी हात लावला नव्हता बॅरोमीटरला, तर?"

"तर लोक हसतील मला," बाई म्हणाल्या. "हसू देत. बोट उद्या जाईल. साहेब, नऊ बावन्न झाले."

त्या बाईचा आवाज जरासुद्धा कापला नाही. वीस वर्षांत जमवलेली एकुलती एक मिळकत तिनं त्या टेबलावर मांडली होती आणि ती घड्याळाकडे बघत होती. पुढे मी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं बघितली, त्यांच्या हाताखाली राहिलो, स्वतःही हुद्द्यावर चढलो. इतकं मोठं माणूस पुन्हा बघितलं नाही.

साहेबांनी फोन ओढला.

बोटीची फळी काढली होती आणि दोर सोडायला माणसं वाकली होती, तेव्हा धक्क्यावरच्या अधिकाऱ्यानं शिट्ट्या फुंकत धावत जाऊन ती थांबवली, असं आईनं मला नंतर सांगितलं. उतारूंनी आरडाओरडा केला. हवामान खात्याच्या नावानं शिव्या घातल्या. त्यात आईच्याही दोन होत्या.

साडेदहाला गोन्साल्विसचा फोन आला. होय, मंगळवारी चढलो होतो, बॅरोमीटर चार कमी दाखवत होता, नीट करून दिला. कागद? कागद टपालात टाकलाय, सोमवारी मिळेल. साडेअकराला रडकीची पुढची चिठ्ठी आली. नऊशे एकोणनव्वद. वारा उत्तरेला वळलेला. वादळ तिच्या पूर्वेकडून, म्हणजे तिच्या आणि किनाऱ्याच्या मधून चाललं होतं. तोवर रत्नागिरीपासून मालवणपर्यंत बंदरांवर बावटे चढले होते आणि मच्छीमारांच्या होड्या खाड्यांत ओढल्या जात होत्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वादळ विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागलं. माड मोडले, कलमं उन्मळली, घरांवर कौल राहिलं नाही. दर्यात मात्र कुणी नव्हतं. आगबोट भाऊच्या धक्क्यावर दोरांनी बांधलेली होती.

समितीचंही सांगून टाकतो. बाईंनी त्यांच्यापुढे वही ठेवली ती रडकीचंच पान उघडून, आणि आधी आपली चूक सांगितली. त्या पानावर त्यांनी एक नवा रकाना आखला होता: बॅरोमीटर शेवटचा कधी तपासला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "हा रकाना नसता तर आम्ही वही परत केली असती." वही छापली. बाईंचं नाव आत बारीक अक्षरात आलं, पण आलं.

माझं काय? मी दोन दिवस तोंड मिटून होतो. कचेरीत कुणी मला काही विचारलं नाही. बाईही रोजच्यासारख्या बोलत होत्या, "मोंडकर, हे दे, मोंडकर, ते दे." देवगडच्या तारा तुटल्या होत्या. कुंदाची काही खबर नव्हती. आई पाणीसुद्धा धड पीत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तार आली: मुलगी, दोघी सुखरूप. आई आधी रडली, मग हसली, मग चाळीतल्या प्रत्येक खोलीत साखर वाटत सुटली.

"माझ्या झिलान बोट थांबयली हो!" ती दारादारात सांगत होती. "नायतर मी आज खंय असतंय? ह्येच्या नकाशार कळला सगळा!"

शेजारचे परचुरे माझी पाठ थोपटून गेले. मला ती थाप सहन होईना. आई घरात आली तसं मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. शून्याचा एक कसा केला ते. का केला ते. बाईंनी काय लिहिलं आणि मी कसा उभा राहिलो ते.

आईनं साखरेची वाटी खाली ठेवली.

"मगे ह्या थंय सांगलंस?"

"नाही."

"मगे माका कित्याक सांगतस? मी काय तुझो सायेब?" तिनं खुंटीवरचा माझा सदरा काढला आणि माझ्या अंगावर फेकला. "ऊठ. थंय जा."

रविवार होता, माझी सुट्टी होती. कचेरीत बाई एकट्याच चिठ्ठ्या ओवत बसल्या होत्या. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, ते शून्य मी मुद्दाम बदललं होतं. माझी आई त्या बोटीवर होती. वादळ तिकडे नको होतं मला."

"एवढं माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मुद्दाम बदललास, हे तेवढं कळलं होतं. चिठ्ठीवरचं शून्य चांगलं ठसठशीत होतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तू का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"बरं झालं वाटली." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "साहेबांना एक चूक गळी उतरवायला मला आठ मिनिटं लागली. दोन माणसं, दोन चुका असं म्हटलं असतं, तर कुणी काय केलं, कुणी कुणाला काय सांगितलं, यातच दहा वाजले असते. आणि तुझी चूक लहान रे. तू एक आकडा ऐकला नाहीस. मी ती बोटच ऐकली नाही. मला वाटलं, मी हिला ओळखते."

बाईंनी उठून कपाटातून नोंदवही काढली, ते पान उघडलं आणि माझ्यापुढे फिरवलं. त्यांचा मजकूर, त्यांची सही. त्या नोंदवहीत कधी ओळ वाया जात नसे. एकाची नोंद संपली की लगेच खालच्या ओळीवर दुसऱ्याची सुरू व्हायची. पण बाईंच्या सहीखाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. त्यानंतर दुपारच्या नोंदी सुरू होत होत्या.

"तेव्हा बोट सुटायची होती," बाई म्हणाल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं. "आता काही घाई नाही. लिही."

मी खुर्ची ओढून बसलो आणि लिहिलं.